बारा मिनिटांची सावली

१

दर हिवाळ्यात मी चौकात खडू घेऊन सावल्या आखते. नगररचना कार्यालयात माझं कामच ते. नवी इमारत उठली तर तिची सावली जुन्या इमारतींवर किती वेळ पडेल, याचा नकाशा काढायचा. संगणक हे अर्ध्या मिनिटात करतो, हे मला माहीत आहे, ऑफिसातली पोरं दरवर्षी न चुकता सांगतात. पण संगणकाला फरशीचा उतार कळत नाही. म्हणून अकरा ते दोन, दर दहा मिनिटांनी, मी सावलीची कड खडूनं फरशीवर ओढते आणि कागदाशी ताडून बघते. लोक हसतात. हसू देत. पंचवीस वर्षांत माझा आकडा कधी चुकला नाही.

एकदा मात्र मी तो चुकवला.

चौकाच्या उत्तरेला दगडी कमानींची जुनी ओळ आहे. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. शहराच्या मध्यात जुनं म्हणावं असं तेवढंच उरलंय. दक्षिणेला तारकचेरी होती, ती पाडून तिथे अडतीस मजली टॉवर व्हायचा होता. नियम साधा आहे: संरक्षित इमारतीवर दुपारी वीस मिनिटांहून जास्त सावली पडता कामा नये. मी वर्षातला सगळ्यात लहान दिवस धरून हिशोब केला. आला एक तास चाळीस मिनिटं. साहेबांनी कागद पाहिल्यासारखं केलं.

"नियमात दिवस कुठला धरायचा ते लिहिलंय का, बाई?"

नव्हतं लिहिलेलं.

"मग सूर्य सगळ्यात वर असतो तो दिवस धरा. सगळे तोच धरतात."

खोटं नाही, सगळे तोच धरतात. त्या दिवशी आकडा येतो बारा मिनिटं. मग साहेबांनी सावकाश पुढचं सांगितलं. ओळ संरक्षित यादीत होती खरी, पण तात्पुरती. कायमचा शिक्का त्यांच्या हातात होता. बारा मिनिटांवर सही झाली तर शिक्का, नाहीतर ओळीचं पुढे काय होईल ते ते सांगू शकत नव्हते. त्या ओळीत वरच्या मजल्यावर माझा भाऊ राहतो, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी सही केली. आपण फार शहाणपणा केला असं वाटून त्या दिवशी घरी चालत गेले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

२

माझा दादा रफूगार आहे. फाटलेल्या कापडाला त्याच्याच अंगचा धागा, आतल्या दुमडीतून उपसून, असा भरतो की फाटलं कुठे होतं ते मालकालाही सापडत नाही. या कामाला ऊन लागतं. दिव्याखाली काळा आणि गडद निळा एकच दिसतो. त्याच्या खोलीची मोठी खिडकी दक्षिणेला आहे, खिडकीशी टेबल आहे, आणि अकरा ते दोन त्या टेबलावर ऊन असतं. वहिनी गेल्यापासून त्याला बोलायला ते टेबल आणि मी, एवढीच दोघं.

हिवाळा सुरू होऊन महिना झाला असेल. सव्वाबाराला त्याचा फोन आला.

"पट्टे," तो म्हणाला. लहानपणी मी फूटपट्टी घेऊन घरभर मापं काढायचे, तेव्हापासूनचं नाव. "तुझा टॉवर कधी उठला गं?"

"उठलाय कुठे? खड्डा खणतायत अजून."

"मग माझ्या टेबलावर हे कोण येऊन बसलंय?"

"ढग असेल, दादा."

"चाळीस वर्षं त्या खिडकीशी बसतोय. ढग मला शिकवू नकोस."

तो चिडून बोलत नाही कधी. त्या दिवशी बोलला. मी खडूचा डबा उचलला आणि निघाले.

३

रस्ताभर मी ढगच धरून चालले होते. चौकात आले तर आभाळ धुवून वाळत घातल्यासारखं. दक्षिणेला पत्र्याचं कुंपण, त्याच्या आत खड्डा, खड्ड्यात एक पंप पाणी उपसत होता. क्रेनसुद्धा आली नव्हती. आणि तिथून थेट ओळीपर्यंत, पूर्ण चौक ओलांडून, एक रुंद सावली पडली होती.

अशा वेळी माणूस आधी स्वतःवर शंका घेतो. मीही घेतली. चष्मा पुसला. कुठे जाहिरातीचा फलक आहे का, कुठे कापड ताणलंय का, सगळं बघितलं. काही नव्हतं. मग खडू काढून खाली बसले, आणि तेव्हा मला कड दिसली. शंभर मीटरवरून येणाऱ्या सावलीची कड धूसर असते, हातभर रुंद करडा पट्टाच असतो तो. ही कड सुरीनं कापल्यासारखी होती. अशी कड जमिनीवर कधी पडत नाही, ती कागदावरच असते.

मी आत पाऊल टाकलं आणि सूर्याकडे बघितलं. आभाळ निळं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात सूर्य नव्हता. एक पाऊल मागे आले, डोळ्यांत तिरीप. एक पाऊल पुढे, नुसतं निळं. असं मी पाच-सहा वेळा केलं.

"ताई, काही हरवलं का?" फळवाल्यानं विचारलं.

"ही सावली कसली?"

"कुणास ठाऊक. आठवडा झाला, येते नि जाते. गार पडतं, म्हणून मी गाडी तिकडे सरकवतो."

भर दुपारी डोक्यावरचा सूर्य नाहीसा होतोय आणि या गृहस्थानं गाडी सरकवली! माझं डोकंच फिरलं. पण त्याला काय म्हणायचं? सावलीतून बायका पदर सावरत जात होत्या, माणसं कॉलर वर करत होती, कुणी मान वर करत नव्हतं. टॉवरच्या सुनावणीला या अख्ख्या चौकातून तीन माणसं आली होती, त्यातला एक चुकून. त्यांच्या डोळ्यांवर कातडं होतं, आणि ते ओढायला मी मदत केली होती.

दर दहा मिनिटांनी मी कड आखत गेले. सावली पश्चिमेकडून पूर्वेकडे, एकेक कमान गिळत आणि मागची सोडत सरकली. दादानं सांगितलेली सुरुवात धरली तर त्याच्या खिडकीवर ती एक तास सव्वीस मिनिटं होती. दिवस अजून लहान व्हायचे होते. माझ्या पहिल्या, खऱ्या नकाशात त्या तारखेला हाच आकडा होता. तो मला पाठ होता. विसरायचा खूप प्रयत्न केलेला आकडा पाठच होऊन बसतो.

४

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना चौकात घेऊन आले. घेऊन आले कसली, ओढून आणलं. सावलीत उभे राहिल्यावर त्यांनी कोटाची बटणं लावली.

"गार आहे खरं इथे."

"वर बघा, साहेब. सूर्य कुठे आहे?"

त्यांनी वर बघितलं नाही. माझ्याकडे बघत राहिले, आजारी माणसाकडे बघतात तसे. "समजा, आपण ही सावली नोंदवली. कशाची म्हणून नोंदवायची?"

"टॉवरची."

"टॉवरची सावली बारा मिनिटं असते. तुमचीच सही आहे. ही पाऊण तास झाला इथेच आहे. म्हणजे ही टॉवरची नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण त्यांच्या बोलण्यात बोट ठेवायला जागा नव्हती, ती जागा मीच बुजवली होती.

"आणि बाई," ते जाता जाता म्हणाले, अगदी प्रेमानं, "तुमची ओळ तुम्हाला मिळाली ना? दगड न् दगड जपलाय आपण. वारसा यादीत दगड येतात, ऊन येत नाही. उगाच नसत्या भानगडीत पडू नका."

ते निघून गेले. चालताना ते सावलीच्या कडेकडेनं, एकही पाऊल आत न टाकता गेले. म्हणजे ती त्यांना दिसत होती, चांगली स्वच्छ दिसत होती.

५

पुढच्या आठवड्यात सावलीत भोकं दिसायला लागली.

दादानंच दाखवली. खोलीत अंधारलेलं होतं आणि टेबलावर उन्हाचा एक चौकोन पडला होता, वहीच्या पानाएवढा. भिंतीवर आणखी दोन होते. मला ते लगेच कळलं. बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यांना अजून भिंती नसतात. ऊन या बाजूनं शिरून त्या बाजूनं बाहेर पडतं. हे चौकोन म्हणजे खिडक्या होत्या.

दादा त्या चौकोनात कापड धरून रफू करत होता. चौकोन सरकला की तो टेबल सरकवायचा, पुन्हा सुई चालवायचा. उजवीकडून डावीकडे, खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. फरशीवर टेबलाच्या पायांचे ओरखडे पडले होते.

"चल माझ्याकडे," मी म्हणाले. "आत्ता. महिनाभर राहा."

"आणि काम?"

"खड्ड्यात गेलं काम!"

"तुझ्या खिडकीत ऊन कुठे आहे? तुझ्या खिडकीसमोर तर भिंत आहे." तो हसला. "रफूगारानं ऊन सोडून जायचं म्हणजे माशानं... जाऊ दे. हे बरं आहे. हे ऊन पडलं की धागा असा स्वच्छ दिसतो, पट्टे, असा कधी दिसला नव्हता मला. मोजून घ्यावा एकेक."

दीडच्या सुमाराला सावली गेली. खोली उन्हानं भरली. दादानं सुई अडकवून हात टेबलावर ठेवले, आणि मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. डावा हात उन्हात होता, त्यावरचे पांढरे केस चमकत होते. उजवाही उन्हात होता. पण त्याच्यावर ऊन पडत नव्हतं. मनगटापर्यंत तो करडा होता, खोलीत अजून सावली असल्यासारखा. मी तो हातात घेतला. गरम होता, नाडी लागत होती. खिडकीबाहेर धरला, उलटा केला, सुलटा केला.

"धुतला तरी जात नाही," दादा म्हणाला. "दुखत नाही पण."

मग मी सगळं सांगितलं. दोन्ही नकाशे, सही, शिक्का, सगळं. त्याला वाचवायला केलं, असंही सांगितलं.

"मला विचारलं असतंस," तो म्हणाला, "तर मी भिंती देऊन टाकल्या असत्या गं. ऊन नसतं दिलं."

त्यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी वाट बघत होते. त्यानं रफू केलेला कोट झटकला आणि घडी घालायला घेतला.

६

सगळ्यात लहान दिवशी सकाळी दहाला मी वारसा समितीच्या कचेरीत उभी होते. साहेबांना वगळून थेट तिथे गेले. पत्रात लिहिलं होतं: बारा मिनिटांचा अहवाल मी दिशाभूल करून दिला, खरा आकडा एक तास चाळीस मिनिटं, सोबत मूळ नकाशा. नोकरी जाणार हे दिसत होतं. जाऊ दे. शिक्का मारून पोच दिली, तेव्हा महिन्याभरात पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. आता दादाला उचलून घरी न्यायचं, तो नाही म्हणाला तर टेबलासकट न्यायचं, असं ठरवून मी चौकात आले.

सावली आलेली होती. जिन्याखाली छत्र्या दुरुस्त करणाऱ्या काकू बसतात.

"वर आहे का दादा?"

"सकाळपासून खाली उतरलाच नाहीये. टेबल मात्र ओढतोय सारखा."

मी वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. टेबल खोलीच्या मधोमध होतं, खुर्ची त्याच्याशी, खुर्ची रिकामी. टेबलावर एका कोटाची बाही पसरलेली, तिच्यात अर्धवट भरलेली भेग, भेगेत सुई. मोरीत बघितलं. आतल्या खोलीत बघितलं. चपला दाराशी होत्या.

"दादा?"

टेबलावर उन्हाचा चौकोन होता. नुसताच चौकोन नव्हता तो. त्याच्या खालच्या बाजूला सावलीचा एक आकार होता, आणि तो हलत होता. मी जवळ गेले. वाकलेलं डोकं. एक कोपर. कोपर जवळ यायचं, लांब जायचं, जवळ यायचं, लांब जायचं, आणि मग हात वर कानापर्यंत जायचा, धागा पूर्ण ओढून घेताना दादाचा जातो तसा. कुणीतरी त्या खिडकीत उन्हाकडे पाठ करून बसलं होतं आणि रफू करत होतं.

मी तळहात त्या चौकोनात धरला. ऊन कोमट लागलं. डोक्याची सावली माझ्या तळहातावर आली, आणि कोपर थांबलं.

"दादा, खाली ये," मी म्हणाले. काय म्हणतेय हे मला कळत नव्हतं. "ऐकतोस का? मी सांगितलंय त्यांना सगळं. पत्र दिलंय. खाली ये तू."

डोकं वळलं. बाजूनं नाक दिसलं, नाकावर उतरलेला चष्मा दिसला. मी धावत खिडकीशी गेले. समोर निळं आभाळ, खाली खड्डा, पंपाची भकभक. पण माझं डोकं हिशोब करत सुटलं होतं, पंचवीस वर्षांची सवय. सूर्याची उंची, चौकाची रुंदी, टेबलाची उंची. एकतिसावा मजला, डावीकडून चौथी खिडकी. मी नजर बरोबर तिथे नेली. तिथे काहीच नव्हतं. आयुष्यात इतकं स्पष्ट काहीच-नाही मी कधी बघितलं नाही.

मागे वळले तेव्हा चौकोन टेबलावरून घरंगळून भिंतीवर गेला होता. भिंतीवरून कोपऱ्यात गेला. कोपऱ्यात तो बारीक झाला, पट्टीएवढा, दोऱ्याएवढा, आणि मिटला. खोलीत लख्ख ऊन आलं. बाहीवरची सुई चमकत होती.

७

पोलिसांनी लिहून घेतलं. वय झालं की माणसं निघून जातात म्हणाले. चपला न घालता? मी विचारलं. तसेही जातात म्हणाले. मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट भिरकावला नाही, एवढीच काय ती माझी सभ्यता.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीची स्थगिती आली. काम बंद, परवानगी रद्द करण्याची शिफारस. अकरा वाजता मी चौकात होते, बाराला होते, एकला होते. दोन वाजेपर्यंत फरशीवर झाडांच्या, खांबांच्या, माणसांच्या, कबुतरांच्या सावल्या होत्या. ती सावली नव्हती. पत्र दिलं, टॉवर गेला, आणि टॉवरबरोबर खिडक्या गेल्या. इतकं साधं. इतका साधा हिशोब मला आदल्या दिवशी सुचला नव्हता.

ओळीतली माणसं खाली उतरली होती. सुनावणीला न आलेली सगळी. फळवाल्यानं गाडी जुन्या जागी आणली होती. काकू माझ्याजवळ आल्या, माझे दोन्ही हात धरले.

"बाई, तुमच्यामुळे ऊन वाचलं हो! दादांना कळलं की केवढे खूश होतील."

"बाजूला व्हा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "तुमची सावली पडतेय, बाजूला व्हा सगळे!" आणि त्या भर उन्हात मी गुडघ्यांवर बसून फरशीवर हात फिरवत राहिले. कुठे बोटभर गार जागा लागते का बघत होते. लोक थोडे मागे सरकले. कुणीतरी पाणी आणलं.

तिसऱ्या दिवशी मी साहेबांच्या दारात, ते यायच्या आधी. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा कडू झाला.

"आता काय राहिलंय, बाई? झालं ना तुमच्या मनासारखं?"

"मी चुकले," मी म्हणाले. "पत्र मागे घेते. मनःस्थिती ठीक नव्हती, असं लिहून देते. डॉक्टरचा दाखला आणते. बारा मिनिटंच बरोबर आहेत."

ते खुर्चीत बसले, पुन्हा उठले, दार लावून घेतलं. हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं. ते हसू बघून मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता, आणि मी हात जोडून उभी होते.

"तसं केलंत तर उठेल स्थगिती," ते म्हणाले. "पण कंपनी घाबरलीय आता. मजले कमी करायचं म्हणतायत. पंचवीसवर आणू म्हणतात, म्हणजे कुणाचीच ओरड नको. तुम्हालाही आवडेल ते."

"नाही," मी ओरडले. बाहेरचा शिपाई आत डोकावला. मी आवाज खाली आणला, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "पंचवीस नाही, साहेब. एकतीसच्या खाली मी सही करणार नाही."